अस्तंभा चढण्याआधी उतरण्याची तयारी करा

अस्तंभ्याला जायचं मनात असेल तर पहिला विचार उतरण्याचा करा. चढताना दम लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक चढायची तयारी करून येतात. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आरोग्य सेवक म्हणून नोकरी करताना आणि यात्रेच्या दिवसांत आरोग्य पथकात बसताना माझ्यापुढे जे पाय आले, ते बहुतेक उतरताना बिघडलेले होते. सुजलेले घोटे, काळीनिळी पडलेली अंगठ्याची नखं, गुडघ्याला हातही लावू न देणारी तरणीताठी पोरं. शिखर त्या सगळ्यांनी गाठलेलं होतं. म्हणून इथे जे सांगतो आहे ते उलट्या बाजूने सांगतो: पाणी, उजेड आणि गुडघे, या तिन्ही गोष्टी परतीसाठी किती शिल्लक राहतील हे आधी ठरवा आणि मग वर बघा.

डोंगराची ओळख करून देतो. अस्तंभा नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात आहे. उंची 1325 मीटर, म्हणजे सुमारे 4350 फूट. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या सातपुड्यातलं हे सर्वात उंच शिखर म्हणून भूगोलाच्या पुस्तकात त्याचं नाव येतं. आकडा वाचून कोणी म्हणेल, कळसूबाई तर 1646 मीटर आहे, मग यात काय विशेष? विशेष हे की कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर बसलं आहे. इथे तापीचा काठ समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरवर. तळोद्याकडून पायी निघालात तर हजार मीटरहून जास्त चढ तुमच्या पायांनीच चढायचा असतो. तोही सरळ नाही. एक सोंड चढायची, पलीकडच्या नाल्यात उतरायचं, पुन्हा दुसरी सोंड. मिळवलेली उंची गमवायची आणि पुन्हा कमवायची. परतताना हेच चढ-उतार उलटे होतात, आणि घरी निघालेल्या पायांना मधले चढ फार लागतात.

अस्तंभा ऋषी म्हणजे महाभारतातला अश्वत्थामा. द्रौपदीच्या पाच मुलांना झोपेत मारलं म्हणून त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला आणि ती जखम घेऊन भटकत राहण्याचा शाप त्याला मिळाला. आमच्याकडचे म्हातारे सांगतात की तो याच डोंगरात फिरतो, जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाटेला लावतो. धनत्रयोदशीला इथे यात्रा भरते. खान्देशातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून पोरं येतात, ध्वज घेऊन रात्रभर चालतात आणि पहाटे माथ्यावर पोचतात. तुमची श्रद्धा असो वा नसो, तुम्ही देवाच्या ठिकाणी पाहुणे म्हणून चालला आहात एवढं ध्यानात ठेवा. आवाज, कपडे, खाणंपिणं, सगळं त्यावरून आपोआप ठरतं.

कधी जावं

यात्रेत जायचं की एरवी, हे आधी ठरवा, कारण या दोन्ही वेगळ्या चाली आहेत. यात्रेत सोबत असते. वाटेवर माणसं असतात, चहा मिळतो, कोणी पडला तर उचलायला चार हात पुढे येतात. पण गर्दीत तुमची चाल तुमची राहत नाही. अरुंद जागी मागचा ढकलतो, पुढचा थांबतो, आणि वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या दिशेने येतो. शिवाय आश्विन वद्य त्रयोदशीची ती रात्र असते. चंद्राची बारीक कोर पहाटे चारच्या आसपास उगवते, त्याआधी सगळा अंधार. पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्याने एकट्याने यात्रेत घुसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी गेलेल्या माणसाबरोबर जा.

नजारा बघण्यासाठी जायचं असेल तर कोजागिरीनंतरचे दिवस निवडा. पावसाने हवा धुतलेली असते, गवत अजून पिवळं पडलेलं नसतं, आणि पौर्णिमेच्या आसपास गेलात तर पहाटेच्या चालीला चांदणं मिळतं. डिसेंबर-जानेवारीही चांगला, पण तेव्हा थंडीला हलकं समजू नका. जवळच्याच डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याच्या बातम्या येतात. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी पारा उतरतो. म्हणजे तळोद्यात तुम्हाला स्वेटर नको वाटला तरी घामाने भिजलेल्या अंगाने माथ्यावर वाऱ्यात बसलात की दात वाजतात. फेब्रुवारीनंतर हवा धुरकट होते. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, शेतातली धसकटंही जळतात. मार्चपासून जूनपर्यंत जाऊच नका. खान्देशातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. उघड्या कातळावर ते खालून आणि वरून असं दोन्हीकडून भाजतं. भर पावसात धुकं असतं, नाले चढलेले असतात आणि दिसत काहीच नाही.

पाय कसे तयार करायचे

निदान दीड महिना हातात ठेवा. धुळ्याची मंडळी लळिंगला जातात, चाळीसगावची पाटणादेवीला, यावल-जळगावकडची मनुदेवीच्या डोंगरात. जवळ जे असेल ते घ्या. काहीच नसेल तर तीन मजली इमारतीचा जिना पुरतो. मात्र जिना चढून लिफ्टने खाली येऊ नका. उतरणं हाच खरा सराव आहे.

याचं कारण समजून घेतलं तर तुम्ही तो टाळणार नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडून अंग वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचा भार ब्रेकसारखा धरूनही ठेवतो. या ताणाखालच्या कामाने स्नायूचे बारीक तंतू दुखावतात. म्हणून उतरल्याच्या दिवशी माणूस बरा दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला संडासात बसता येत नाही. यातली चांगली गोष्ट अशी की एकदा असा ताण सोसून बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तसाच उतार बराच कमी त्रासाने पेलतो. म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा तरी चांगला लांब उतार उतरून या, पाय दुखू द्या, बरे होऊ द्या. शेवटच्या आठवड्यात मात्र फक्त सपाटीवर चाला. पाठीवरची पिशवी सरावातही भरलेली असू द्या, पाण्याच्या बाटल्या घालून.

वय झालं म्हणून कोणाला नाही म्हणायचं नाही. साठी ओलांडलेली माणसं मी सावकाश, नीट जाऊन येताना पाहिली आहेत. पण बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, छातीत कधी कळ आली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. शुगरच्या माणसाने गोळीची वेळ आणि खाण्याची वेळ डोंगरावर कशी सांभाळायची हेही विचारून घ्यावं, आणि खिशात गूळ किंवा खडीसाखर ठेवावीच.

पायात आणि पाठीवर

बूट नवे नकोत. दीड महिन्याच्या सरावात पायाला बसलेले, तळव्याला खोल खाचा असलेले आणि पुढे अंगठ्याला बोटभर जागा असलेले घ्या. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला नख आपटतं, नखं काळी पडतात ती यामुळे. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी नखं सरळ कापा. मोज्यांचे दोन जोड लागतात, एक पायात, एक कोरडा पिशवीत. यात्रेत अनेकजण चपलेवर जातात, काही अनवाणीही. ज्यांचे पाय जन्मापासून त्या दगडांवर फिरलेत त्यांना ते जमतं. शहरातल्या पायाने त्यांची बरोबरी करायला जाऊ नये.

काठी हवीच. महागडी घडीची काठी असली तर उत्तम, नाहीतर छातीपर्यंत येणारी चांगली बांबूची. खाली उतरताना काठी आधी, मग पाय. गुडघ्यावर येणारा भार ती हातावर घेते.

पाणी माणशी निदान 3 लिटर, ऊन असेल तर 4. वाटेतल्या पाण्याचा भरवसा धरू नका. दिवाळीनंतर झरे आटत जातात, आणि पाड्यावरच्या लोकांनी लांबून डोक्यावर आणलेलं पाणी आपण मागून पिणं मला बरं वाटत नाही. वाटेतलं घ्यावंच लागलं तर उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबून प्या. नुसतं पाणीही ढोसू नका. घामातून मीठ जातं ते भरून निघालं नाही तर डोकं जड होतं, मळमळतं, हातापायात गोळे येतात. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पाण्याचा हिशेब मी असा करतो: चढताना निम्म्याहून कमी संपवायचं. माथ्यावर पोचल्यावर बाटलीत निम्मं उरलेलं नसेल तर तिथून पुढे रेंगाळायचं नाही.

खाण्यात दशम्यांना तोड नाही. दुधात भिजवलेल्या पिठाच्या, गूळ घातलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. कळण्याची भाकरी मला फार प्रिय, पण दुसऱ्या दिवशी ती कडक होते आणि घशाखाली उतरायला पाणी मागते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, भाजलेले शेंगदाणे, दोन केळी. आपल्याकडे केळीला तोटा नाही, फक्त ती पिशवीत वरच्या बाजूला ठेवा. ठेचा चवीपुरता घ्या, तिखट खाऊन तहान वाढवू नका. दर तासाला थोडं खा, भुकेची वाट बघू नका.

उजेडासाठी कपाळावर बांधायची बॅटरी घ्या म्हणजे हात मोकळे राहतात. मोबाइलचा उजेड हा उजेड नव्हे. एक हात त्यात अडकतो आणि चार्जिंग संपलं की फोनही गेला. डोंगरात रेंज जागोजागी तुटते, तेव्हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि घरी सांगून जा की किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करायची. कापडी चिकटपट्टी, क्रेप बँडेज, शिट्टी, एक हलकं पांघरूण, पिशवीच्या तळाशी. एवढं बस.

वाट आणि चाल

रेल्वेने आलात तर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरा, तिथून एसटीने तळोदा. पूर्वापार यात्रेकरू तळोद्याहून कोठार, देवनदी, असली, नकट्यादेव, जुना अस्तंभा, भीमकुंड असे टप्पे घेत वर जातात. ज्यांना एवढं चालायचं नसतं ते गाडीने चांदसैली घाट चढून जवळ जातात. घाटाबद्दल कळकळीने सांगतो. 2025 च्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप या घाटात उलटली आणि ऐन दिवाळीत घरं उजाड झाली. मालवाहू गाडीच्या हौद्यात दाटीवाटीने उभं राहून घाट उतरू नका. रात्रभर चाललेला, न झोपलेला माणूस गाडी चालवत असेल तर त्या गाडीत बसू नका. चार तास झोपा, मग निघा. हाही उतारच आहे.

यात्रेखेरीज जाणार असाल तर जवळच्या गावातून वाटाड्या घ्या. पायवाटा गुरांच्या, सरपणाच्या, शेतांच्या अशा चहूकडे फुटतात, आणि गवत वाढलं की खरी वाट कोणती ते नवख्याला उमगत नाही. मजुरी आधी ठरवा, ठरलेली पूर्ण द्या, आणि त्याच्या जेवणाची सोय तुमच्या पिशवीत करा. राम राम म्हणा, जोहार म्हणा, वडीलधाऱ्याला दादा-बाबा म्हणा. भिल्ल आणि पावरा लोकांचे हे पाडे आहेत, एकेक घर आपापल्या शेतात. त्यांच्या अंगणातून वाट जात असली तर विचारून जा. बायाबापड्यांचे, लेकरांचे न विचारता फोटो काढू नका. वनविभागाचे काही निर्बंध चालू आहेत का तेही निघण्याआधी तळोद्यात किंवा धडगावात विचारून घ्या.

वेळेचा हिशेब असा करा. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक नियम सांगितला: तासाला 5 किलोमीटर चाल धरा आणि दर 600 मीटर चढाला एक तास वाढवा. पुढे त्यात सुधारणा झाली ती अशी की तीव्र उतार असेल तर दर 300 मीटरला आणखी 10 मिनिटं धरावीत. उतार म्हणजे वेळ वाचणार, हा समज खोटा ठरवणारी ही सुधारणा मला फार महत्त्वाची वाटते. हा हिशेब तयार पायांचा आहे. आपलं ऊन, घसारा म्हणजे पायाखालून सरकणारा मुरूम, आणि फोटोंचे थांबे बघता आलेल्या वेळेची दीडपट करा. हिवाळ्यात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दरीत अंधार त्याआधीच उतरतो. चारच्या आत उभा टप्पा खाली टाकलेला असला पाहिजे. त्यावरून मागे मोजत या, म्हणजे माथ्यावरून दुपारी बाराच्या आधी पाय निघाला पाहिजे. बारा वाजले आणि माथा अजून वर असेल तर जिथे आहात तिथून परता. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

चढताना चाल एवढी सावकाश ठेवा की सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागलं की चाल जास्त झाली. आमच्याकडची म्हातारी माणसं मागून हाक देतात, "धीरे चाल रे भाऊ, डोंगर काय पयी जास का?" म्हणजे डोंगर काय पळून जातो का? तेच खरं. दहा मिनिटं पळत चढून पाच मिनिटं धापा टाकत बसण्यापेक्षा न थांबता मुंगीच्या चालीने चढलेलं शरीराला सोसतं. उभ्या जागी मागचा पाय सरळ करून क्षणभर हाडांवर उभं राहायचं, मग पुढचं पाऊल. पूर्ण तळवा टेकवा, चवड्यावर चढू नका, नाहीतर पोटऱ्या पेटतात.

वरचा टप्पा अंगावर येतो. वाट अरुंद, एका बाजूला उतार तुटत गेलेला, आणि पायाखाली सातपुड्याचा काळा कातळ आणि त्यावर पसरलेला मुरूम. हा सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर साचलेला. टणक थराचा कडा बनतो आणि मऊ थर झिजून घसारा बनतो. त्या घसाऱ्यावर पाय म्हणजे जमिनीवर सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर पाय. कातळ दिसेल तिथे कातळावर पाऊल ठेवा. हाताने धरायचं तर आधी दगड हलवून बघा. गवताच्या झुबक्याला लोंबकळू नका, ऑक्टोबरानंतर त्याची मुळं सुटलेली असतात. दोन माणसांत अंतर ठेवा आणि एकाच्या बरोबर खाली दुसरा राहील असं चढू नका. दगड सुटला तर लाज न बाळगता मोठ्याने "धोंडा आला!" म्हणून ओरडा. खालच्याने मान वर करून बघायचं नाही, डोक्यावर पिशवी धरून कातळाला चिकटायचं.

कड्यांना आग्या मोहोळं असू शकतात. धूर, फटाके, अत्तर, आरडाओरडा वर्ज्य. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब सरका, हातवारे करू नका. दगडाच्या कपारीत न बघता हात घालू नका. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्या भागात आहेत. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यागत स्थिर ठेवा, अंगठी-कडं-जोडवी काढा आणि उचलून न्या. धडगावला ग्रामीण रुग्णालय आहे, तळोद्याला उपजिल्हा रुग्णालय. गाडीसाठी 108. भगताकडे नंतर जा, आधी इंजेक्शन.

माथ्यावर

ऋषीच्या स्थानाला नमस्कार करा, नारळ वाहायचा असेल तर करवंटी आणि पिशवी परत आणा. मग पिशवी उतरवा, कोरडा शर्ट घाला आणि आधी वाऱ्याच्या आडोशाला बसून दोन घास खा. एवढं झाल्यावर उभे राहा आणि सावकाश एक पूर्ण वळसा घेऊन बघा, कारण असं ठिकाण खान्देशात दुसरं नाही.

सातपुडा हा नर्मदा आणि तापी यांच्या मधोमध उभा असलेला डोंगर. दोन्ही नद्या पश्चिमेकडे वाहतात, दोन्ही खचदऱ्यांतून, आणि तुम्ही त्या दोघींच्या मधल्या धारेवर उभे असता. दक्षिणेला तापीची सपाटी पसरलेली: ऊस, केळी, कापूस, मिरचीचे चौकोन, आणि पहाटे अंधारात पोचलात तर गावोगावचे दिवे. उजाडताना ते एकेक विझत जातात आणि त्या जागी शेतं उमटतात. उत्तरेला सपाटी नावालाही नाही. डोंगरामागे डोंगर, नर्मदेपर्यंत, प्रत्येक रांग मागच्यापेक्षा फिकी. त्या रांगांच्या पोटात धडगाव आणि अक्कलकुव्याचे पाडे आहेत, आणि नर्मदेकाठची कित्येक गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली ती त्याच दिशेला. तिकडे बघताना ते आठवावं असं मला वाटतं. पूर्वेला तोरणमाळचं पठार, पश्चिमेला गुजरातेत उतरत गेलेले डोंगर.

किती लांबचं दिसतं याचंही गणित आहे. आपण आजूबाजूच्या सपाटीपासून जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढून साडेतीनने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते येतं. तापीच्या सपाटीपासून बाराशे मीटर धरले तर सव्वाशे किलोमीटरच्या जवळपास. साल्हेरसारखी बागलाणातली उंच शिखरंही या हिशेबाने दक्षिणेच्या क्षितिजावर निळी रेघ होऊन दिसायला हवीत. मात्र हवेतली धूळ आणि बाष्प यातलं बरंच खाऊन टाकतं. म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास पकडा. ऑक्टोबरअखेरीस साडेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो. तिरप्या उजेडात प्रत्येक रांगेची सावली पलीकडच्या रांगेवर पडते आणि डोंगरांची खोली कळते. नऊनंतर सगळं एकसारखं पांढुरकं होतं, मग कॅमेरा कितीही भारी असला तरी उपयोग नाही. फोटोसाठी मागे सरकत कड्याकडे जाऊ नका. आधी जागा बघा, मग उभे राहा, मग फोन काढा.

उतार

निघण्याआधी बुटाच्या नाड्या सोडून नव्याने बांधा. घोट्यापाशी वरच्या दोन भोकांत घट्ट गाठ मारा, म्हणजे टाच मागे धरून राहते आणि अंगठा पुढे आपटत नाही. कुठे गरम झाल्यासारखं, हुळहुळल्यासारखं वाटत असेल तर आत्ताच चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून फार उपयोग होत नाही. मोजे ओले असतील तर कोरडा जोड घाला.

पाऊल लहान ठेवा. गुडघा कधीही पूर्ण ताठ करून आपटू नका, किंचित वाकलेला ठेवा. अंग मागे टाकून टाचेवर उतरायचा मोह होतो, त्यानेच पाय सुटतो आणि माणूस बुडावर आपटतो. वजन पायाच्या वर, नजर चार पावलं पुढे. उभ्या जागी आडवं होऊन, नागमोडी उतरा. कड्याच्या पायरीवर तोंड डोंगराकडे करून, शिडीवरून उतरतो तसं उतरा, त्यात कमीपणा नाही. धावू नका. उतारावर धावणारी पोरं मी बघतो तेव्हा पोटात गोळा येतो, कारण थकलेल्या मांडीला ब्रेक लागत नाही हे त्यांना पडल्यावर कळतं. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं थांबा, दम लागलेला नसला तरी. पाय थरथरायला लागले की थांबण्याची वेळ टळून गेलेली असते.

टोळीत सर्वात हळू चालणारा पुढून दुसरा असावा आणि सर्वात अनुभवी शेवटी. हळू माणूस मागे राहिला की बाकीचे त्याची वाट बघत विश्रांती घेतात, आणि तो पोचला की लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. उतारावरची बरीच पडझड अशा मागे पडलेल्या माणसाचीच असते.

कोणी बडबडायला लागला, अडखळायला लागला, अंग तापलं आणि विचारलेल्याचं उत्तर धड देईना, तर ते साधं थकणं नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघांवर ओली फडकी ठेवा, वारा घाला, आणि मदत मागवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तुमच्याकडे तेव्हा पाणी असलं पाहिजे, त्यासाठीच ते निम्मं राखून ठेवायचं.

खाली आल्यावर

लगेच गाडीत पाय मुडपून बसू नका. दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर चाला, पाणी आणि काहीतरी खारट घ्या, बूट काढून पाय उंचावर ठेवा. पहिल्या दिवशी सुजेवर गार पाण्याची पट्टी, गरम शेक नाही. जोराची मालीशही दोन दिवस नको, दुखावलेला स्नायू रगडून बरा होत नाही. दुसऱ्या दिवशी झोपून राहण्यापेक्षा गावात सावकाश फेरफटका मारा.

आणि दुखतं म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्रास देतात. आधी लघवी फिकट आणि भरपूर व्हायला लागू द्या. लघवी गडद तपकिरी झाली, फारच कमी झाली, किंवा मांड्या दगडासारख्या कडक होऊन सुजल्या तर घरी वाट बघू नका. स्नायूंतला मोडलेला अंश रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना आदल्या दिवशी डोंगर उतरल्याचं सांगा, म्हणजे ते रक्त-लघवी तपासतील आणि सलाइन लवकर सुरू होईल.